भांडायला भिडू हवा : ऑनलाइन ब्रिजमधली बोली आणि 'विचित्र' डाव



या मालेत आतापर्यंत आम्ही प्रामाण्य, शब्दार्थ, अनुमान अशा भारदस्त विषयांवर बोललो. आज पत्त्यांवर बोलणार आहोत. निवृत्त माणसाचे चोचले, असं काहींना वाटेल, वाटू द्या. भाषेचं तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली त्याला ब्रिजकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही. या खेळात पहिलं पान टेबलावर पडण्याआधी चार माणसं केवळ बोलत असतात, आणि त्या बोलण्यावरच पुढचं सगळं ठरतं.

ज्यांनी ब्रिज खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. आपल्या घरांतून चालणाऱ्या तीनशे चारमध्येही बोली असते, पण ती लिलावातली बोली, आकडा चढवत न्यायचा. ब्रिजची बोली दुहेरी काम करते. 'अमुक हुकमानं इतके हात करीन' ही प्रतिज्ञा तर ती असतेच, पण त्याच वेळी ती भिडूला पाठवलेली चिठ्ठीही असते : माझ्याकडे साधारण अशी पानं आहेत, तुझ्याकडे काय आहे ते सांग. या चिठ्ठीत वापरायला शब्द किती? एक ते सात हे आकडे, चार रंग आणि नो-ट्रम्प, म्हणजे ३५ बोल्या; शिवाय पास, डबल, रिडबल. एकूण ३८. एवढ्या शब्दकोशात दोन माणसांनी मिळून सव्वीस पानांचं वर्णन करायचं, आणि प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीच्या वरचीच हवी. हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकानं १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली. तेव्हापासून शंभर वर्षं माणसं या अडतीस शब्दांशी झगडत आहेत.

करोनाच्या काळात क्लब बंद पडले आणि आमच्या पिढीतले पुष्कळ खेळाडू ऑनलाइन ब्रिजकडे वळले. काही परत आले, बरेचसे तिथेच राहिले. गुडघे, रात्रीची रिक्षा, रहदारी, कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. या मंडळींच्या तोंडी दोन तक्रारी आम्ही इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांचं परीक्षण करावंसं वाटलं. पहिली : 'तिथले डाव नैसर्गिक नसतात हो, मशीन मुद्दाम वेडेवाकडे डाव वाटतं.' दुसरी : 'तिथे बोलीला काही अर्थच उरलेला नाही.' आमचं म्हणणं असं की पहिली तक्रार जवळजवळ संपूर्ण खोटी आहे. दुसरी खरी आहे, पण तिचं निदान चुकतं. आणि माणसं पहिली तक्रार करतात ती दुसरीमुळे.

पहिलीपासून सुरुवात करू. वेडावाकडा डाव म्हणजे काय? कुणाकडे एखाद्या रंगाचं एकही पान नाही, कुणाकडे एकाच रंगाची सात-आठ पानं, हुकमाची चार पानं बाहेर आहेत आणि ती चारही एकाच प्रतिस्पर्ध्याकडे. बावन्न पानं चौघांत वाटण्याचे एकूण प्रकार मोजले तर पाचावर अठ्ठावीस शून्यं द्यावीत त्याहून थोडे जास्तच भरतात. त्यातलं गणित जुनं आणि पक्कं आहे. चौघांपैकी कुणाकडे तरी एखादा रंग अजिबात नाही, असं दर पाच-सहा डावांमागे एकदा व्हायलाच हवं. हुकमाची चार पानं बाहेर असतील तर ती ४-० अशी बसण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आहे. पाच पानं बाहेर असतील तर ती ३-२ अशी सरळ वाटली जाण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातल्या एका वेळी ती वाकडी बसणारच. चोवीस डावांच्या बैठकीत चार-पाच वेळा कुणाचा तरी एखादा रंग कोरा निघाला, तर ते यंत्राचं कारस्थान नव्हे, ती सरासरी आहे.

मग क्लबात तसं का वाटत नव्हतं? याचं उत्तर आम्हाला फार आवडतं. वेडेवाकडे डाव यंत्राचे नव्हते, जरुरीपेक्षा सपाट डाव आपले होते. डाव संपल्यावर पानं कशी गोळा होतात ते आठवा. चार-चार पानांचे हात एकावर एक. ब्रिजमध्ये उतारीचा रंग असेल तर तोच टाकावा लागतो, म्हणून त्या चारांच्या गठ्ठ्यात बहुधा एकाच रंगाची पानं. असा गठ्ठा नीट न पिसता एकेक पान करून चौघांना वाटला, की एकाच रंगाची चार पानं चौघांकडे एकेक जातात. झालं, प्रत्येकाकडे प्रत्येक रंग तीन-चार, तीन-चार. गप्पा मारत, चहाचा कप सांभाळत दोनदा पिसून वाटणाऱ्या आपल्या पिढीनं आयुष्यभर हा सपाटपणा निर्माण केला आणि त्यालाच निसर्ग मानलं. पर्सी डायकॉनिस हा गणिती, मूळचा जादूगार. त्यानं आणि डेव्ह बेयर यांनी १९९२ मध्ये दाखवलं की दोन गठ्ठे करून पानात पान घुसवत पिसलं तर पत्ते पुरेसे मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. सात वेळा! आमच्या ओळखीत सात वेळा पिसणारा माणूस एकच होता आणि त्याला सगळे 'आता वाट बाबा' म्हणायचे. संगणकानं वाटलेले डाव स्पर्धांत आले तेव्हाही खेळाडूंनी हीच ओरड केली होती. ऑनलाइनचा त्यात काही विशेष दोष नाही.

आणखी दोन गोष्टी मिसळतात. क्लबात चोवीस डावांना साडेतीन तास जातात, रोबोटांसोबत तेवढेच डाव तासा-सव्वा तासात उरकतात. म्हणजे दिवसाला भेटणारे विचित्र डावही त्याच पटीत वाढले. दुसरं असं की घरगुती ब्रिजमध्ये डाव संपला की पानं एकत्र व्हायची, प्रतिस्पर्ध्याकडे नेमकं काय होतं हे बहुतेकदा कळायचंच नाही. पडद्यावर मात्र डाव संपताक्षणी चारही हातांचा नकाशा उघडा होतो. पूर्वीही पूर्वेच्या गड्याकडे किलवर नसेल. फक्त ते आपल्याला कुणी दाखवत नव्हतं.

आपल्या परंपरेत अशा प्रसंगांसाठी नामी न्याय आहेत. कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडते, तो काकतालीय न्याय. त्याहून इथे आम्हाला घुणाक्षर न्याय जास्त लागू वाटतो. घुण, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, लाकडात नागमोडी रेघा करत जातो आणि एखादी रेघ हुबेहूब अक्षरासारखी दिसते. ती पाहून किडा साक्षर आहे असं म्हणायचं का? 'बघा, पुन्हा माझ्याच राजावर एक्का' म्हणणारा माणूस किड्याला साक्षर ठरवत असतो. गंमत म्हणजे डुप्लिकेट स्पर्धेत तीच पानं तुमच्या दिशेला बसलेल्या इतर सगळ्या टेबलांवरच्या खेळाडूंनाही मिळालेली असतात. यंत्राचं वैर असलंच तर ते तुमच्या एकट्याशी नाही.

'जवळजवळ संपूर्ण खोटी' असं आम्ही म्हणालो, त्यातल्या 'जवळजवळ'चा हिशेब द्यायला हवा. काही रोबोट-स्पर्धांत असा नियमच असतो की टेबलावरच्या एकुलत्या एक माणसाला चौघांत सर्वांत जास्त पॉइंट मिळतील, फार तर बरोबरी होईल. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, असे डावात एकूण चाळीस पॉइंट. हे लपवलेलं नसतं, नियमांत लिहिलेलं असतं, आणि नियम वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. इथे डाव खरोखरच निवडलेले आहेत. त्याचे परिणाम मजेदार होतात. समजा आमच्याकडे बारा पॉइंट आहेत. उरलेले अठ्ठावीस तिघांत वाटलेत आणि बाराहून जास्त कुणाकडे नाहीत. म्हणजे चाराहून कमीही कुणाकडे असू शकत नाहीत. आमच्याकडे दहाच असतील तर चौघांकडेही बरोब्बर दहा-दहा! एकही बोली होण्याआधी एवढं ज्ञान पदरात. वर्षभर असे डाव खेळलेला माणूस जेव्हा साध्या टेबलावर बसतो, तेव्हा 'भिडूकडे माझ्याहून जास्त पानं असूच शकत नाहीत' ही सवय घेऊन बसतो. भिडू जोरदार हात सांगत असतो आणि हा पास म्हणतो. डेव्हिड ह्यूमनं अनुमानाच्या मुळाशी सवय असते असं सांगितलं, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नव्हतं.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. खरा ऐवज तिथे आहे.

न्यायशास्त्रात शब्दाचा अर्थाशी जो संबंध, त्याला संकेत म्हणतात : या शब्दानं हा अर्थ समजावा. हा संकेत कुणी केला? जुने नैयायिक म्हणतात, ईश्वरेच्छेनं झाला. माणसांनी नव्यानं ठरवलेला असेल तर ती परिभाषा. ब्रिजच्या बोल्या ही शुद्ध परिभाषा आहे. भिडूनं एक नो-ट्रम्प म्हटल्यावर दोन किलवर म्हणणं याचा किलवरशी काही संबंध नसतो; 'तुझ्याकडे इस्पिक किंवा बदामाची चार पानं आहेत का?' असा तो प्रश्न असतो. पास या शब्दाचाही अर्थ लागतो. भिडू दोनदा पास म्हणाला, म्हणजे अमुक इतकी पानं त्याच्याकडे नाहीत. न दिसण्यातून मिळणाऱ्या अशा ज्ञानाला कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. क्लबात मुरलेला खेळाडू निम्मं ज्ञान याच प्रमाणातून मिळवतो.

वाक्याचा अर्थ कळायला आकांक्षा, योग्यता आणि संनिधी लागतात, आणि काहींच्या मते चौथं तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा अभिप्राय. त्यासाठी शास्त्रात नेहमीचं उदाहरण सैंधवाचं. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशचा घोडाही. जेवायला बसलेला माणूस 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. ब्रिजमधलं सैंधव म्हणजे चार नो-ट्रम्प. हुकमाचा रंग ठरल्यावर म्हटलं तर 'तुझ्याकडे एक्के किती?' आणि भिडूच्या एक नो-ट्रम्पवर थेट म्हटलं तर 'तुझा हात वरच्या टोकाचा असेल तर सहावर चल, नाहीतर पास.' आता हुकमाचा रंग ठरला आहे की नाही, हेच ज्या डावात स्पष्ट नाही, तिथे? अनोळखी भिडू मिठाच्या जागी घोडा आणतो, म्हणजे एक्के विचारल्यावर शांतपणे पास म्हणतो. ऑनलाइन ब्रिजमधल्या वैतागाचं हे सर्वांत ठसठशीत रूप. खाली गप्पांच्या चौकटीत मग एक प्रश्नचिन्ह उमटतं, मग तीन, आणि मग भिडू टेबल सोडून निघून गेलेला असतो.

एक डाव मांडू म्हणजे मुद्दा हातात येईल. उत्तरेकडे इस्पिकची सात पानं, त्यात एक्का, राणी, गुलाम. बदामाचं एकही नाही. चौकटचा राजा आणि एक बारकं पान. किलवरचे राजा, गुलाम, दश्शी आणि एक बारकं. दक्षिणेकडे बदामाची सात पानं, राजा-राणी-गुलामासह. इस्पिकचं एकही नाही. चौकटचा एक्का आणि दोन बारकी. किलवरची तीन बारकी. चौदा आणि दहा पॉइंट. दोघांची एकेका रंगावर मदार आणि दुसऱ्याला तो रंगच नाही. उत्तर म्हणतो, एक इस्पिक. दक्षिण, दोन बदाम. उत्तर, दोन इस्पिक. दक्षिण, तीन बदाम.

इथे थांबू. तीन बदाम म्हणजे काय? आमच्या पिढीला जी ॲकॉलसारखी जुनी पद्धत शिकवली गेली, तिच्यात याचा अर्थ : 'माझी बदामं लांब आहेत, हात बेताचा आहे, विशेष काही नसेल तर इथेच थांब.' आज पडद्यावर सगळीकडे पसरलेल्या टू-ओव्हर-वन पद्धतीत पहिलं दोन बदामच सांगतं की 'गेमपर्यंत थांबायचं नाही', म्हणून तीन बदाम ही आज्ञा होते : पुढे बोल. (त्या पद्धतीत दहा पॉइंटवर दोन बदाम म्हणतच नाहीत, आधी एक नो-ट्रम्प म्हणतात.) उत्तरेला आज्ञा ऐकू आली. तो म्हणाला तीन इस्पिक. दक्षिणेला वाटलं, थांब म्हटलं तरी हा पुढे आला, म्हणजे याच्याकडे भरपूर आहे. पण आपल्याकडे इस्पिक नाहीच, म्हणून चार बदाम. उत्तर, चार इस्पिक. पश्चिमेनं डबल दिला. त्याच्याकडे इस्पिकची पाच पानं होती, राजा-दश्शीसह. डाव दोन हातांनी बुडाला. तीन बदामात थांबले असते तर नऊ हात निघण्याजोगे होते.

दोघंही बरोबर बोलले. दोघांच्याही कोशात प्रत्येक शब्द अगदी नियमाप्रमाणे वापरला गेला. सपाट डाव असता तर दोन कोशांतला हा फरक दिसलाच नसता. एक नो-ट्रम्प, तीन नो-ट्रम्प, पास, पास, पास. कुठल्याही पद्धतीत ते जमतं. विचित्र डाव ही भाषेची परीक्षा असते, आणि तिथे नापास झालेला विद्यार्थी प्रश्नपत्रिकेला शिव्या देतो, इतकंच. पहिल्या तक्रारीचा जन्म इथे आहे असं आम्हाला वाटतं.

'भिडू माणूस नको, रोबोट घ्या' असा सल्ला मिळतो. रोबोटचा कोश पक्का असतो, प्रत्येक बोलीवर बोट ठेवलं की तिचा खुलासा उमटतो : इतके ते इतके पॉइंट, या रंगाची किमान इतकी पानं. वाचायला सोपं. पण रोबोट विचार कसा करतो ते पाहा. मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या 'गिब' या प्रोग्रामपासून रूढ झालेली रीत अशी : झालेल्या बोलीशी जुळतील असे पुष्कळ डाव मनातल्या मनात वाटायचे, प्रत्येक डाव चारही हात उघडे आहेत असं धरून सोडवायचा, आणि सरासरीनं जी चाल बरी ठरेल ती करायची. पानं खेळण्यात हे जोरात चालतं. बोलीत मात्र एक फट राहते. ज्याच्या कल्पनेत पुढे सगळी पानं उघडीच आहेत, त्याला भिडूला काही विचारण्याची गरज भासत नाही आणि प्रतिस्पर्ध्यापासून काही लपवण्याचीही. कोशातला नियम एक सांगतो, सरासरी दुसरं सांगते, आणि विचित्र डावात खुलाशात नसलेली बोली पडद्यावर उमटते. माणूस विचारतो, 'असं का?' उत्तर द्यायला समोर कुणी नसतं.

मार्च २०२२ मध्ये पॅरिसला 'नूक' नावाच्या प्रोग्रामनं आठ जगज्जेत्या खेळाडूंना हरवलं अशी बातमी तुम्ही वाचली असेल. बातमीच्या मथळ्यात एक गोष्ट सहसा नव्हती. त्या सामन्यात बोली ठेवलेलीच नव्हती. कॉन्ट्रॅक्ट आधीच ठरलेलं, तीन नो-ट्रम्प, फक्त पानं खेळायची. बुद्धिबळात यंत्र १९९७ मध्ये जिंकलं, गो या खेळात २०१६ मध्ये. ब्रिजमध्ये जिंकताना खेळातला बोलण्याचा भाग बाजूला काढून ठेवावा लागला. यंत्राला कमी लेखायचं म्हणून आम्ही हे सांगत नाही. उद्या ते बोलीतही जिंकेल. आमचा प्रश्न वेगळा आहे : ते आमचा भिडू होऊ शकेल का?

इथे एक विरोधाभास आहे आणि तो आम्हाला बरेच दिवस छळतो आहे. ब्रिजच्या नियमांनी इतक्या वर्षांत एकच गोष्ट साधण्याचा प्रयत्न केला : भिडूंमध्ये त्या अडतीस शब्दांखेरीज आणि टाकलेल्या पानांखेरीज काहीही पोहोचता कामा नये. आवाजाचा चढउतार नको, रेंगाळणं नको, भुवई नको. १९६५ साली ब्वेनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत रीस आणि शापिरो या ब्रिटिश जोडीवर बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला आणि तो वाद अनेक वर्षं धुमसला. पुढे बोली तोंडानं बोलायची नाही, छापील पत्ते डब्यातून काढून ठेवायची, अशी सोय आली. १९७५ च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत टेबलावर तिरपा पडदा उभा राहिला, भिडूला भिडू दिसेना. ऑनलाइन ब्रिज म्हणजे या सगळ्या वाटचालीचा कळस. देह पूर्ण गेला. उशीर झाला तरी तो विचारामुळे की इंटरनेटमुळे, सांगता येत नाही. (२०२० मध्ये काही नामांकित खेळाडू दुसऱ्या खात्यातून सगळी पानं पाहताना पकडले गेले, पण तो फसवणुकीचा विषय, आजचा नव्हे.) शुद्ध भाषेचं स्वप्न प्रत्यक्षात आलं. आणि नेमकं तिथेच माणसं म्हणू लागली की बोलीला अर्थ उरला नाही.

काय निसटलं मग? भुवया आणि खाकरणं निसटलं, असं म्हणणारे आहेत. ते आम्हाला मान्य नाही, ती चोरीच होती. आमच्या मते निसटलं ते डावानंतरचं भांडण. 'तीन बदाम कशाला म्हणालास?' 'थांब म्हणून म्हणालो.' 'थांब म्हणायला तुझ्याकडे इस्पिक नको?' 'नाही म्हणूनच थांब म्हणालो ना!' मराठी क्लबांतून हे ज्या पट्टीत चालतं ती पट्टी तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्याला वाटावं दोघांची मैत्री संपली. प्रत्यक्षात त्या क्षणी संकेत तयार होत असतो. 'यापुढे असं झालं की तीन बदाम म्हणजे पास करायचं, ठरलं?' 'ठरलं.' एका शब्दाचा अर्थ दोन माणसांनी घडवला. विट्गेन्स्टाइन सांगत होता की नियम पाळणं एकट्याला शक्य नाही, त्याला व्यवहार लागतो; ब्रिजच्या टेबलाशी तो व्यवहार मोठ्या आवाजात चालू असतो. पुस्तकातली पद्धत ही नुसती बाराखडी. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या वयाचं कौतुक केलं. कौतुक त्या जोडीच्या दीर्घ सहवासाचं करायला हवं होतं.

ऑनलाइन व्यवस्थेतली एक बारीक गोष्ट याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. क्लबात, पडदा नसताना, आमच्या बोलीत विशेष संकेत असेल तर प्रतिस्पर्ध्यांना त्याचा अर्थ आमचा भिडू सांगतो. म्हणजे ऐकणाऱ्याला काय कळलं ते उघड होतं. आम्ही ते ऐकतो; नियमानं त्या डावात त्याचा फायदा घेता येत नाही, पण गैरसमज झाला हे तिथल्या तिथे कळतं आणि डाव संपल्यावर दुरुस्ती सुरू होते. ऑनलाइनमध्ये आपल्या बोलीचा अर्थ आपणच टाइप करायचा, आणि तो भिडूला दिसत नाही. बोलणारा आपला अभिप्राय प्रतिस्पर्ध्यांना कळवतो. ऐकणाऱ्याला काय कळलं ते कुणालाच कळत नाही. नियमांच्या दृष्टीनं ही पद्धत जास्त स्वच्छ आहे, हे कबूल. पण अर्थाचं केंद्र ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे सरकलं, आणि दोन भिडू वर्षभर एकाच शब्दाचे दोन अर्थ करत सुखानं नांदू शकतात. मग एक विचित्र डाव येतो.

आमच्या एका स्नेह्यांचा अडतीस वर्षांचा भिडू तीन वर्षांपूर्वी गेला. आता ते रोज सकाळी रोबोटासोबत खेळतात. 'बरं आहे,' ते म्हणतात, 'चिडत नाही.' आठवड्यातून दोन-तीनदा त्यांचा आम्हाला फोन येतो : आज काय भयंकर डाव वाटला म्हणून सांगू. मग एकेक पान सांगतात, एकेक बोली सांगतात, आणि शेवटी विचारतात, 'तुम्ही काय म्हणाला असता?' आम्ही सुरुवातीला त्यांना शक्यतेचं गणित समजावत होतो, सात वेळा पिसण्याचं वगैरे. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा भयंकर डाव सांगायचे. त्यांची तक्रार पत्त्यांच्या वाटपाबद्दल नाही हे ध्यानात आल्यावर आम्ही गणित सोडलं आणि सरळ म्हणालो, 'तुमची दुसरी बोली चूक होती.' तिकडून जो आवाज चढला तो ऐकून आम्हाला बरं वाटलं. पाऊण तास भांडलो.

या सेवा चालवणाऱ्यांकडे आमचं फार मागणं नाही. डाव संपला की तीन सेकंदांत पुढचा डाव येतो. ते तीन सेकंद दोन मिनिटांचे करता येतील. डाव संपल्यावर तरी दोन्ही भिडूंना एकमेकांचे खुलासे शेजारी-शेजारी दाखवता येतील : तू हे म्हणालास, त्यानं हे समजून घेतलं. रोबोटला 'आमच्यात तीन बदाम म्हणजे थांब' एवढं शिकवण्याची सोय करता येईल का, हे तंत्रज्ञांनी सांगावं. आणि आपण खेळाडूंनी अनोळखी टेबलावर बसताना नावापुढे नुसतं पद्धतीचं नाव लिहून भागत नाही हे ओळखावं. तो कोशाचा पत्ता झाला, कोश नव्हे.

आम्ही चौघं जण, तीन पुण्यात आणि एक न्यू जर्सीत, दर शनिवारी आठच डाव खेळतो आणि मग व्हिडिओ कॉलवर तासभर त्यांच्यावर बोलतो. न्यू जर्सीत तेव्हा सकाळ असते, त्यामुळे तिकडचा आवाज ताजातवाना आणि जास्त चढा. ठरलेलं सगळं एका वहीत लिहून ठेवतो आणि मागणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला ती दाखवावी लागते, कारण ब्रिजमध्ये भिडूंची खाजगी भाषा गुप्त ठेवायला परवानगी नाही. वही आता एकसष्ट पानांची झाली आहे. तीन बदामांचं पान अजून पेन्सिलीत आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतले गृहस्थ बराच वेळ हात वर करून आहेत; त्यांना बहुतेक दक्षिणेनं मुळात दोन बदाम म्हणायलाच नको होतं असं म्हणायचं आहे.